दोघांनी करावयाचे काम

नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशू शिकवू लागला तेव्हा गावकऱ्यांना मोठा अचंबा वाटला. हा प्रसंग संत मत्तय आणि संत मार्क या दोघांनीही सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय १३) गावकरी येशूला सुताराचा मुलगा म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानातील (अध्याय ६) गावकरी त्याला सरळ सुतार म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘टेक्टॉन’. लाकूडकाम करणारा, प्रसंगी घरबांधणीतही हात घालणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. या दोन पाठांतील फरकावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्या मनात मात्र एक साधा प्रश्न येत राहतो. सुताराचा मुलगा सुतार होईपर्यंत मध्ये काय काय घडले असेल? संत योसेफाने त्या मुलाच्या हाती पहिल्यांदा करवत दिली तो दिवस कसा असेल? पहिली फळी वाकडी कापली गेली तेव्हा योसेफ काय बोलला असेल?

बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्यावर आईवडिलांबरोबर नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, एवढे संत लूक सांगतो. तेथपासून सुमारे तिसाव्या वर्षापर्यंत शुभवर्तमाने मौन पाळतात. त्या मौनात काय असावे याची थोडी कल्पना मला सोनारी येथील एका घरी आली, ती वाचकांसमोर ठेवतो.

सोनारी हे धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील गाव. भैरवनाथाच्या देवस्थानामुळे ते दूरवर ठाऊक आहे, आणि तितकेच तेथील माकडांमुळेही. गावाबाहेरच्या एका वस्तीवर माझ्या परिचयाचे एक कुटुंब राहते. प्रार्थनेच्या निमित्ताने माझे तेथे जाणे होत असे. त्यांची नावे येथे देत नाही. ती माणसे संकोची आहेत. त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली एक जुनी जीप कित्येक वर्षे उभी होती. चाके मातीत रुतलेली, हूड फाटून चिंध्या झालेले, बॉनेटवर पक्ष्यांची विष्ठा. सीटखाली एकदा मांजरीने पिले घातली होती.

जीप या वाहनाशी आपल्या पिढीचे नाते निराळे आहे. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या वाहनाची मागणी केली. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने त्याच वर्षी त्याचा पहिला नमुना तयार केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशी सहा लाखांहून अधिक वाहने बांधली. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. तत्पूर्वीच, १९४७ पासून, अमेरिकेहून सुटे भाग आणून जीपची जुळणी सुरू झाली होती. मग पोलीस, वनखाते, पाटबंधारे, सरकारी दवाखाने आणि आपली मिशनकेंद्रे, जेथे जेथे रस्ता संपत असे तेथे तेथे जीप पोहोचली. वाहनाअभावी माणूस दगावतो हे ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले होते. आफ्रिकेत आपला एक मिशनरी मित्र वेळेवर उपचार न मिळाल्याने वारला म्हणून फादर पॉल शुल्टे या जर्मन धर्मगुरूंनी १९२७ साली मिशनऱ्यांना वाहने पुरविणारी ‘मीवा’ ही संस्था काढली होती.

कडुनिंबाखालची ती जीप १९७० सालची. पेट्रोलवर चालणारी, उंच बॉनेटची. या जातीच्या इंजिनाच्या काही झडपा डोक्यावर असतात, म्हणून बॉनेट उंच ठेवावे लागले. अमेरिकेत या नमुन्याचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे मात्र तो पुढेही बरीच वर्षे चालू राहिला. घरातल्या आजोबांनी ती एका लिलावात घेतली होती आणि तीवर वडाप करून संसार केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत पाऊस लागला आणि काळ्या मातीच्या वाटा चिखलाने बंद झाल्या. वस्तीवरच्या बायकांनी भाजलेल्या भाकरी आणि घरोघरची पांघरुणे घेऊन आजोबा याच जीपने तिकडे गेले होते. घरात ही गोष्ट अनेकदा सांगितली जाई. ते वारले आणि जीप उभी राहिली ती राहिलीच.

त्यांचा मुलगा, म्हणजे आजचा घरधनी, लांबच्या मालमोटारींवर ड्रायव्हर होता. दोन-तीन महिन्यांनी चार दिवस घरी यायचा. त्याचा मुलगा आईच्या आणि आजीच्या हाताखाली वाढला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, बाप घरी आला आणि पुढे गावातच काम मिळाल्यामुळे राहिला. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. ज्याची वाट पाहण्यात बालपण गेले तो माणूस आता रोज समोर होता, आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावे हे कळत नव्हते. बापाने काही विचारले की मुलाचे उत्तर एका शब्दाचे. बाकी वेळ मान मोबाइलवर. एकदा त्या माउलीने मला बाजूला घेऊन सांगितले, “फादर, दोघं एका ओळीत जेवायला बसतात, पण बोलत न्हाईत. भांडले असते तरी बरं वाटलं असतं.”

पुढे एके दिवशी मुलाने आपणहून बापाला विचारले, “पप्पा, ही जीप चालू होईल का?” कित्येक महिन्यांतला हा त्याचा पहिला प्रश्न होता. बाप म्हणाला, “बघू.” दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने जॅक लावला.

त्या कामाला बराच काळ लागला. मी अधूनमधून जात असे आणि बाजेवर बसून पाहत असे. प्रथम चाके उतरली, मग सीट, मग पुढचा पत्रा. गंजलेल्या नटांवर रात्री डिझेल सोडून ठेवायचे आणि सकाळी पाना लावायचा. सुटलेला प्रत्येक नट बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात जाई आणि तो कुठला हे मुलगा डब्यावर लिहून ठेवी. असाच एक डबा माकडाने पळवून कौलावर नेला. तो मिळेपर्यंत शेंगदाण्यांचा बराच खर्च झाला. त्या दिवशी बापलेक एकत्र हसताना मी प्रथम पाहिले.

बापाचे हात तयार होते, पण शिक्षण सातवीपर्यंतचे. जुन्या इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत. मुलगा ते वाचून अर्थ सांगे. चार सिलिंडरांत ठिणगी कोणत्या क्रमाने पडते, तर एक, तीन, चार, दोन. बाप बोटांनी वायरी चाचपत तो क्रम पुन्हा म्हणे, लहान मूल पाढे म्हणते तसा. मला तेथे एक गोष्ट विशेष जाणवली. बाप शिकवीत होता आणि त्याच वेळी शिकतही होता, आणि आपण मुलाकडून शिकतो आहोत याची त्याला लाज वाटत नव्हती. मुलाच्या चेहऱ्यावर त्यामुळे जी उभारी आली ती कोणत्याही शाबासकीने आली नसती.

सगळे दिवस असे गोड नव्हते. एकदा बाप बाहेर गेलेला असताना मुलाने सायलेन्सरकडचा एक घट्ट बसलेला बोल्ट पान्यावर नळी चढवून ओढला आणि तो आतल्या आत तुटला. तुटलेला बोल्ट काढणे फार अवघड. आतला आटा गेला तर सगळा ठोकळाच निकामी होण्याची भीती. संध्याकाळी बाप आला. मुलगा निंबाला टेकून उभा होता, मार खाण्याच्या तयारीने. बापाने बॅटरीच्या उजेडात तो बोल्ट पाहिला. मग तो खाली बसला आणि आपला उजवा अंगठा त्याने मुलापुढे धरला. तो अंगठा मुळाशी वाकडा आहे.

“हे याच गाडीचं हँडल,” तो म्हणाला. “मी तुझ्यापेक्षा ल्हान होतो. इंजिननं उलटा झटका दिला अन् अंगठा मोडला. तुझे आजोबा रागावले, पण हँडल कसं धरायचं ते कुणी सांगितलं न्हाई. जोर लावून नट निघत न्हाई, तुटतो. आता हा कसा काढायचा ते बघू.”

तो तुटका तुकडा बारीक भोक पाडून, आच देऊन, तीन दिवसांनी निघाला. हँडल मारायची वेळ आली तेव्हा बापाने मुलाचा हात धरून दाखविले: अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तरी दांडा हातातून सुटून जातो. ज्या घरात एका पिढीने फक्त राग दिला होता, तेथे पुढच्या पिढीला रागाच्या जागी शिकवण मिळाली. याला मी कृपा म्हणतो. कृपा नेहमी धूप आणि घंटा घेऊन येते असे नाही.

मध्ये एक वाद मात्र बरेच दिवस चालला. मुलाला जीप आपल्या हौशीप्रमाणे करावयाची होती: रुंद टायर, दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन, कपाळावर दिव्यांची रांग. हरियाणातील मंडी डबवाली येथे अशा जिपा तयार होतात, त्यांची चित्रे त्याच्या मोबाइलवर होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला आणखी एक दाखला मिळाला. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातील भागांपासून एक छोटी जीप बांधली होती. खर्च सुमारे साठ हजार रुपये. दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होणारी. तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्र यांनी त्या कारागिराचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

“बघा पप्पा, त्यांनी मनासारखी केलीच की,” मुलगा म्हणाला.

“केली. बापानं पोरासाठी केली, त्याचं मला कौतुकच हाय,” बाप म्हणाला. “पण पुढचं बी वाच. ती नियमात बसत न्हाई म्हणून तर बदल्यात दुसरी दिली.”

मुलाने खरोखरच पुढचे वाचले. वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे, हे त्याला कळले. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम केले, तेही मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठीच, हेही कळले. वाद तेथे मिटला. बापाने हुकूम सोडला असता तर मुलगा गप्प झाला असता आणि जीपजवळ आला नसता. त्याला स्वतः शोधू दिले, म्हणून निर्णय दोघांचा झाला. पेट्रोलचे जुनेच इंजिन राहिले. रंग कोणता द्यावा हे मात्र मुलाने ठरविले, आणि बापाने मनातून न आवडलेला तो हिरवा रंग स्वतःच्या हाताने मारला.

आता ज्या कामामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. ब्रेक दुरुस्त करून नवे तेल भरले की नळ्यांत हवा अडकून राहते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पायाखालचा पेडल मऊ लागतो, खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ही हवा काढण्याचे काम त्यांच्या अंगणात दोघांशिवाय होण्यासारखे नव्हते. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचा; दुसऱ्याने गाडीखाली आडवे होऊन चाकाजवळची छोटी निपल सैल करायची. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. खालचा वरच्याला दिसत नाही, वरचा खालच्याला दिसत नाही. फक्त आवाज.

“मार.” मुलगा पेडल मारतो.

“धर.” तो दाबून धरतो. खाली निपल उघडते, बुडबुडे येतात, पुन्हा बंद होते.

“सोड.”

पेडल वेळेआधी सोडला तर बाहेर गेलेली हवा परत आत येते. म्हणून एकाने दुसऱ्याच्या शब्दाची वाट पाहिली पाहिजे. त्या दुपारी मी ते तीन शब्द शे-दीडशे वेळा ऐकले असतील. मग जागा बदलल्या. मुलगा खाली गेला, बाप वर बसला, आणि आता हुकूम मुलाचे होते. ज्या बापलेकांना सहा महिने एक वाक्य सापडत नव्हते, ते तीन शब्दांत दुपारभर बोलत होते आणि एकमेकांचे तंतोतंत ऐकत होते. शेवटी बुडबुडे संपले, स्वच्छ तेलाची धार आली आणि पेडल दगडासारखा घट्ट लागला. मुलगा गाडीखालून बाहेर न येताच म्हणाला, “पप्पा, तुम्ही लांबच्या गाडीवर होता, तवा फोन का करत नव्हता?” बाप पेडलवर पाय ठेवून तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “रडू येईल म्हणून.”

मी तेथून उठलो आणि आजीकडे चहा प्यायला गेलो. दोघांच्या मध्ये तिसऱ्याने बसू नये अशी ती वेळ होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये इंजिन सुरू झाले. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. जीप तयार, पण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला ती रस्त्यावर चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अशा गुन्ह्यात पालकाला वा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्या धर्मग्रामांतही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देण्यात प्रौढी मानणारे पालक आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. येथे बापाने सांगितले, “रस्त्यावर दोन वर्षं न्हाई.” मुलगा रुसला, पण फार नाही, ज्या गाडीचा प्रत्येक नट त्याने हाताळला होता ती आता कोठे पळून जाणार नव्हती.

तोवर त्यांच्याच पडीक रानात, बाप शेजारी बसलेला असताना, तो शिकला. चारही चाकांना जोर देणारा दांडा केव्हा टाकायचा हे बापाने तेथेच समजावून दिले. चिखलात, वाळूत, चढाच्या मातीत तो टाकावा. कोरड्या पक्क्या रस्त्यावर काढून घ्यावा. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर जात नाहीत. मातीत ती थोडी घसरून आपापले जमवून घेतात. डांबरावर त्यांना घसरता येत नाही, मग सगळा ताण आतल्या दातेऱ्यांवर येतो आणि गाडी स्वतःलाच मोडते. घरातल्या अधिकाराचेही असेच आहे असे मला तेव्हा वाटले. सगळा जोर सदासर्वकाळ लावून ठेवणारा बाप घराचे दाते झिजवितो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी ‘पात्रिस कॉर्दे’ हे प्रेषितीय पत्र लिहिले. संत योसेफाला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता घोषित केल्याला त्या दिवशी दीडशे वर्षे पूर्ण झाली होती. त्या पत्रात पोप महोदयांनी पितृत्वाविषयी एक मर्मभेदी विचार मांडला आहे. मूल बापाच्या मालकीचे नसते. त्याला स्वतंत्र होता यावे यासाठी बाप झटतो, आणि ज्या दिवशी आपली गरज उरली नाही हे तो आनंदाने पाहतो त्या दिवशी त्याचे पितृत्व पूर्ण होते. योसेफ शुभवर्तमानात एक शब्दही बोलत नाही. सुताराचा मुलगा सुतार झाला आणि योसेफ कथेतून शांतपणे बाजूला झाला.

सोनारीच्या त्या वस्तीवर मी अलीकडेच जाऊन आलो. मुलाने अठरा पुरी झाल्यावर परवाना काढला. आजोबांच्या नावावरचे कागदपत्र वारसाच्या नावावर झाले. शेजारच्या रानातला एक शेतकरी बंद पडलेले डिझेल इंजिन घेऊन अंगणात आला होता. पूर्वी लोक या मुलाला ‘ड्रायव्हरचं पोरगं’ म्हणत. त्या शेतकऱ्याने बापाला रामराम घातला आणि विचारले, “मिस्त्री हायेत का घरी?” बापाने बाजेवरून न उठता मुलाला हाक मारली.

प्रत्येकाच्या अंगणात जुनी जीप असेलच असे नाही. शिलाईचे यंत्र असेल, बंद पडलेला पंप असेल, गळके छप्पर असेल. मुलगा तेथे मुलगीही असू शकेल, आणि बापाच्या जागी आई. मिस्त्री बोलावून ते काम एका तासात उरकता येईल हे खरे. तरीही कधी तरी एखादे काम दोघांसाठी राखून ठेवावे. त्यात हात काळे होतील, थोडे नुकसान होईल, पुष्कळ वेळ जाईल. आणि तो वेळ म्हणजेच आपण आपल्या लेकरांना देऊ शकतो असा वारसा. संत योसेफाने दुसरे काय दिले होते?